अंडी, विक्रीस अयोग्य
कुजणे, कवच फुटून आतील द्रव गळणे, रोगजंतूंचा संसर्ग होणे किंवा आत गर्भाची वाढ सुरू होणे या कारणांनी खाण्यास निषिद्ध मानलेली अंडी. आकाराने लहान अंडे हलक्या प्रतीचे असले, तरी अयोग्य नसते. प्रत व योग्यता या भिन्न बाबी होत.

परीक्षणासाठी अंडे अंधाऱ्या जागी दिव्याच्या झोतासमोर फिरवितात. त्यात कवचाचे सूक्ष्म तडे, रक्ताचे कडे व काळवंडलेला बलक दिसून येतो. अंडे शिळे होते तसे त्यातील पाणी कवचाच्या छिद्रांवाटे उडून जाते व रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते. ‘अॅगमार्क’च्या ‘अ’ प्रतीत तिची खोली ४ मिमी. पर्यंत, तर ‘ब’ प्रतीत ८ मिमी. पर्यंत चालते. साल्मोनेला जंतू मात्र या परीक्षणात दिसत नाहीत. म्हणून स्वच्छता, थंड साठवण व अंडे पूर्ण शिजविणे आवश्यक ठरते.

‘अॅगमार्क’ प्रतवारी १९३७ च्या अधिनियमानुसार होते व ती ऐच्छिक आहे. असुरक्षित अन्नाच्या विक्रीवरील बंदी मात्र सक्तीची असून, १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाची जागा २०११ मध्ये अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

नासिक विभागातील नवापूर (जि. नंदुरबार) येथे फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्यांत एच५एन१ विषाणू आढळला, ही भारतातील पहिली नोंद होय. तेव्हा बाधित क्षेत्रातील कोंबड्यांबरोबर अंडीही नष्ट करण्यात आली. दिव्यासमोर निर्दोष दिसणारे अंडेही अशा वेळी विक्रीस अयोग्यच ठरते.