नवी बँकव्यवस्था आणि व्यापाऱ्याची पत

कंग्राळीसारख्या बेळगावलगतच्या गावातील दुकानदारास ‘तुमची बँक कोणती?’ असे पूर्वी विचारले असते, तर त्याच्या डोळ्यांपुढे बँकेच्या इमारतीआधी पिग्मी गोळा करावयास येणारा गृहस्थ उभा राहिला असता. ही योजना उडुपीची. तेथे 1925 साली स्थापन झालेल्या व पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या बँकेने ती 1928 साली सुरू केली. घरोघर जाऊन रोज दोन आण्यांइतकी अल्प रक्कमही जमा करून घ्यावयाची, अशी तिची रीत होती. माल उठतो की पडून राहतो, घरी लग्नकार्य आहे की आजारपण, हे सर्व त्या गृहस्थास दिसे व मॅनेजरच्या कानी जाई. कर्ज मागावयाच्या वेळी हीच माहिती कामी येई. (ज्याचे मॅनेजरशी पटत नसे, त्याची मात्र दाद लागणे कठीण होई, हेही खरे.) ती सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली.

यूपीआय पद्धत 2016 साली आली आणि त्याच वर्षीच्या नोटाबंदीनंतर ती झपाट्याने पसरली. डिसेंबर 2019 पासून एनईएफटीही अहोरात्र चालते. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याने रविवारी रात्री पाठविलेली रक्कम त्याच रात्री जमा होऊ शकते. सोय मोठी झाली, परंतु शाखेची पायरी चढण्याचे प्रयोजनही त्याबरोबर संपत आले.

याचा परिणाम पतीवर होतो. आता बँकेस प्रत्येक रुपया दिसतो, त्यामागचे कारण दिसत नाही. चार महिने आवक थंडावली एवढे यंत्रास कळते. पावसाळ्यात हा धंदा मंदच असतो, हे कोणी सांगावे लागते. उलट, तारण ठेवण्यास घरजागा नसलेल्या लहान दुकानदारास खात्यावरील उलाढाल दाखवून कर्ज मागता येते. हा लाभ थोडा नव्हे.

मात्र त्या नोंदी इतरांसही दिसतात. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून अनेक लहान व्यापाऱ्यांस नोटिसा पाठविल्या, तेव्हा बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर कोडच्या पाट्याच उतरविल्या. आमच्या मते तो उपाय नव्हे. विक्री, हातउसने व घरचा पैसा एकाच खात्यात येऊ न देणे आणि धंद्याचे चालू खाते निराळे ठेवणे, हा खरा उपाय होय.

जबाबदारीचे स्वरूपही बदलले आहे. धनादेशावरील सही ताडून पाहणे हे बँकेचे काम असे; आता आपले बोट हीच सही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असे ठरविले की, दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, अशा फसवणुकीची खबर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत दिल्यास ग्राहकावर तोशीस नाही. स्वतःच गुप्त क्रमांक सांगून बसलेल्याचे मात्र, खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून बँकेच्या क्रमांकाबरोबर 1930 हा सायबर तक्रारीचा क्रमांकही गादीजवळ, मुनीम व मुले या सर्वांस दिसेल असा, लिहून ठेवावा. आणि दिवाळीपूर्वी एकदा हिशेब घेऊन, मुलास बरोबर नेऊन, मॅनेजरास समक्ष भेटून यावे. हंगाम केव्हा चालतो व केव्हा थांबतो, हे त्यांस तोंडीच सांगता येते.