भिंतीची ओल आणि मागल्या दारचा पाट

मे महिना आला की मुंबईकरांची पावले गावाकडे वळतात. चार दिवस राहायचे आणि निघण्यापूर्वी घराला रंग काढायचा, असा आपल्यापैकी अनेकांचा नेम. दापोली तालुक्यातील बुरोंडीच्या आमच्या घरीही आम्ही लागोपाठ दोन वर्षे हेच केले. माजघराच्या भिंतीला आतून गिलावा केला, वर ऑइलपेंट दिला. दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये आईचा फोन आला, "भिंतीला परत पोपडे आलेत रे. अंथरूण ओढून मधे घेतलंय." आई गावी एकटी असते आणि तिला दमा आहे. ओलीवर बुरशी धरते आणि बुरशीने दमा उसळतो. रंगाचे पैसे गेले ते गेलेच, वर औषधाचा खर्च वाढला.

तिसऱ्या वर्षी गवंड्याला बोलावले. तो भिंत ठोकून पाहत होता तेवढ्यात शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाबा, तुझ्या आज्याने मागल्या दारी पाट काढलेला. दर मे महिन्यात स्वतः उपसायचा. तो तुम्हीच बुजवलात ना?"

खरेच होते. परसात चिखल नको म्हणून आम्ही काँक्रीटचा कोबा केला, त्यात पाट गेला. कोब्याचा उतारही घराकडेच राहिला. त्यातून 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात कौले गेली आणि आम्ही पत्रे घातले. आता पागोळी पडत होती ती नेमकी जोत्याला लागून.

हे पाणी किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. 30 फूट लांब, 20 फूट रुंद छपराचे क्षेत्र सुमारे 56 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका पावसाळ्यात छपरावरून जवळजवळ 2 लाख लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे वीस टँकर! त्यातले निम्मे मागल्या भिंतीपाशी. आपला जांभ्याचा चिरा सच्छिद्र. पायाशी पाणी साचले की तो ते शोषतो आणि ओल वर चढते. आतून कितीही गिलावा करा, ती थांबत नाही.

म्हणून खर्च करण्याआधी पाणी कुठून येते ते पाहावे. छपरावरून येत असेल तर पत्र्याला पन्हळ लावणे आणि पागोळीखाली उघडे गटार बांधणे, एवढे बहुधा पुरते. कोब्याचा उतार बाहेरच्या बाजूस हवा. हा सर्वांत स्वस्त उपाय. डोंगराकडून जमिनीतून पाझर येत असेल, तरच पुरलेल्या पाइपाचा खर्च करावा.

आमच्याकडे दोन्ही होते. भाव दरवर्षी बदलतो, म्हणून येथे माप देतो. ते लिहून घेऊन आपल्या गवंड्याकडून दर मागावा. 50 फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर म्हणजे 150 घनफूट, अर्थात दीड ब्रास खोदाई. त्यात एक फूट थराची खडी, पाऊण ब्रास. चार इंची भोकांचा पाइप, वीस फुटी तीन नग. खडीभोवती गाळणीचे कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती भरते. दर शंभर फुटांना एक फूट उतार, म्हणजे पन्नास फुटांत अर्धा फूट. नळीत पाणी भरून तो आपल्यासमोर तपासून घ्यावा. चर भिंतीला चिकटून खणू नये आणि पायाच्या तळाखाली नेऊ नये. जुने घर खचते.

आमचा सर्वांत नकोसा खर्च मात्र कोब्याचा. तो घालायला पैसे दिले, फोडायला दिले आणि पुन्हा घालायलाही दिले. जो पाट आजोबा एका फावड्याने राखत होते, त्यासाठी मुंबईतल्या ओव्हरटाइमचे पैसे गेले.

आणखी एक प्रश्न उभा राहिला. पाणी सोडायचे कुठे? खालच्या अंगाला काकींचे घर. आमची भिंत सुकवून त्यांची भिजवायची, हे बरोबर नव्हे. वाडीच्या बैठकीत विषय ठेवला. चार घरांनी मिळून पऱ्यापर्यंत एकच गटार न्यायचे ठरले. खर्च वाटून घेतला आणि दर मे महिन्यात चौघांनी मिळून ते उपसायचे, असेही ठरले.

रमाई आवासचे घरकुल बांधणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. जोते उंच ठेवणे आणि पाण्याला वाट देणे हे पाया भरतानाच करावे. नंतर तेच काम महाग पडते. न्हाणीचा शोषखड्डाही पायापासून दूर असावा.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. घरामागच्या डोंगराला भेगा दिसल्या, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर तेथे गटार कामाचे नाही. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे बौद्धवाडीवर दरड कोसळली, ते आपण विसरू शकत नाही. अशा वेळी घर सोडून सुरक्षित जागी जावे आणि तहसील कार्यालयास कळवावे.

गेल्या पावसाळ्यात आईचे अंथरूण भिंतीपाशीच होते. भिंतीला रंग अजून दिलेला नाही. आई म्हणते, "राहू दे, सुकी आहे तेवढं पुरे." यंदा गावी जाल तेव्हा रंगाचा डबा घेण्यापूर्वी मागल्या दारी जा आणि जोत्यावर बादलीभर पाणी ओतून पाहा. ते कुठे जाते यावरून खर्च कशावर करायचा ते कळेल.