थर कोटिंगचा की क्षारांचा?

दसरा आठवड्यावर आला की परभणीत जिंतूर रोड, वसमत रोडवरच्या वॉशिंग सेंटरांपुढे गाड्यांची रांग लागते. गाडीची पूजा व्हायची असते, हार चढायचा असतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं असतं. गाडी चमकायलाच हवी. नेमकं तेव्हाच मालकाच्या कानावर एक सल्ला पडतो. जुन्या कोटिंगचे थरावर थर बसलेत, रबिंग मारून सगळं काढू आणि नव्यानं करू. सर्व्हिसिंगच्या वेळी दरवर्षी पैसे मोजून सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप, लावून घेतलेल्या माणसाला ते पटतंही. गाडी मंद दिसत असते, हात फिरवला तर खरखर लागते, पाणी पूर्वीसारखं घरंगळत नाही. म्हणजे थर साचलाच असणार, असं तो धरून चालतो.

पण सीलंट असं साचत नाही. जे साचतं ते वेगळंच असतं, आणि ते काढायला रबिंग हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे.

आधी मापं पाहू. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, अगदी तळाच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ज्या थरावर गाडीची सारी झळाळी अवलंबून आहे तो केसाहूनही बारीक. त्यावर हातानं लावून पुसलेलं पॉलिमर सीलंट एक मायक्रॉनही भरत नाही. जादा लावलेलं फडक्यावर निघून येतं. दुसरा हात मारण्याचा फायदा एवढाच, की पहिल्या वेळी सुटलेल्या जागा झाकल्या जातात. त्यापुढे कितीही हात मारले तरी जाडी वाढत नाही. नव्या द्रवातला सॉल्व्हंट बऱ्याचदा खालच्या थराचा काही भाग विरघळवतो आणि नवा लेप त्याची जागा घेतो. ब्राझीलच्या ताडासारख्या झाडापासून मिळणाऱ्या कार्नोबा मेणाचंही तेच. पाच वर्षं चढवलेलं सीलंट पाच पट जाड झालं, हे निव्वळ बोलण्यात खरं.

सीलंटचा जो पांढरा राप डोळ्यांना दिसतो, तो कंपनीच्या बोधचिन्हाच्या कडांना, दारांच्या फटींत, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर. तिथलं पुसायचं राहून गेलेलं असतं. मऊ ब्रश आणि शॅम्पूनं ते निघतं.

मग बॉनेटवरची खरखर कशाची? तिचं मूळ बोअरच्या पाण्यात आहे. परभणी जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर वसलेला आहे. पावसाचं पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. मराठवाड्यातल्या अनेक बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मधलं किंवा त्याही पुढचं असतं. ज्या पाण्यानं घरच्या बादलीला पांढरी किनार धरते, साबणाला फेस येत नाही, त्याच पाण्यानं गाडी धुतली जाते. मे महिन्यात इथला पारा ४२-४४ अंशांवर असतो आणि उन्हात उभ्या काळ्या गाडीचं टप ७० अंशांच्या पुढे तापू शकतं. तिथे पाण्याचा थेंब ओघळण्याआधीच आटतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांवर रस्त्याची धूळ बसते, काळ्या रानातली माती बसते, पुन्हा तेच पाणी पडतं. खालचं सीलंट बऱ्याचदा शाबूत असतं, फक्त क्षारांखाली दडलेलं. म्हणून पाणी घरंगळणं थांबतं.

हे घरच्या घरी तपासता येतं. सकाळी, गाडी गार असताना, सावलीत बॉनेट शॅम्पूनं नीट धुवावं. चिकटपट्टी लावून ताटाएवढी एक चौकट आखावी. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर तेवढंच साधं पाणी घालून पातळ करावं, फडक्यानं त्या चौकटीत लावावं, मिनिटभर ठेवावं आणि वाळू न देता भरपूर पाण्यानं धुऊन टाकावं. व्हिनेगरमधलं सौम्य आम्ल कार्बोनेट क्षारांना विरघळवतं. आता पाणी शिंपडून पाहावं. चौकटीत टपोरे थेंब उभे राहिले आणि बाहेर पाणी पसरटच राहिलं, तर सीलंट जिवंत आहे. काही खरवडायची गरज नाही, सगळ्या गाडीवरचे क्षार तेवढे काढायचे. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून तो पत्र्यावरून अलगद फिरवावा. उघड्या बोटांना न जाणवणारे कणही पिशवीतून टचटचतात. आम्लानं न निघालेले हे कण लोखंडाचे, डांबराचे किंवा झाडाच्या चिकाचे असतात. लोखंडाच्या कणांसाठी वेगळं द्रावण मिळतं, कणांशी रासायनिक क्रिया झाली की ते जांभळं होतं. उरलेल्या कणांसाठी क्ले बार, म्हणजे गाडीसाठीची खास माती. ती शॅम्पूच्या पाण्यानं पत्रा बुळबुळीत करूनच फिरवायची. जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरायचा नाही, कारण त्यात रुतलेला खडा रंगावर ओरखडे काढतो.

आता रबिंग. रबिंग कंपाउंड म्हणजे अत्यंत बारीक पॉलिश कागदच, पेस्टच्या रूपातला. चमक येते ती क्लिअर कोट झिजवून, ओरखड्यांच्या कडा सपाट करून. मशीनच्या एका फेरीत एक ते तीन मायक्रॉन सहज जातात, कडांवर आणि पत्र्याच्या वळणांवर त्याहून जास्त. अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच क्लिअर कोटमध्ये असतात. दर दसऱ्याला रबिंग झालेल्या गाडीचं टप काही वर्षांनी पांढुरकं पडतं, मग पापुद्रे सुटतात, आणि तिथे सीलंट, मेण, कोटिंग यांपैकी कशाचाच उपयोग नसतो. पुन्हा रंगकाम हाच मार्ग उरतो. एक मायक्रॉनपेक्षाही बारीक थर काढण्यासाठी कायमचा क्लिअर कोट खर्ची घालणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

टेफ्लॉन कोटिंगबद्दलही समज पक्का आहे: ते तव्यासारखं कायमचं चिकटतं, म्हणून घासूनच काढावं लागतं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये प्रयोगशाळेत योगायोगानं सापडलेला पदार्थ. तो वितळतो ३२७ अंशांना, आणि तव्यावर पक्का बसवायला त्याहून जास्त उष्णता द्यावी लागते. एवढ्या तापमानाला गाडीचा रंगच जळून जाईल. गाडीवरच्या ‘टेफ्लॉन’चं काम प्रत्यक्षात त्यातली मेणं, सिलिकोन आणि पॉलिमर करतात, आणि ती रसायनानं निघतात.

उलट टोकाचा गैरसमज ड्रायव्हर मंडळींत आहे. डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारला की जुनं सगळं निघतं आणि गाडी नवी दिसते. दिसते खरी, पण ती तेलाची ओली चमक. दोन तासांत त्या तेलकट थरावर रस्त्यावरची धूळ चिकटते, आणि संध्याकाळी सुकं फडकं फिरवलं की तीच धूळ रंगाला खरवडते. कपड्यांच्या पावडरीचाही मोह टाळावा. ती चांगलीच क्षारधर्मी असते, रबराच्या पट्ट्या आणि प्लास्टिक कोरडं पाडते, शिवाय कठीण पाण्यात तिचाच राप मागे राहतो.

सीलंट मुळापासून काढण्याची खरी वेळही असते. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर त्याला उघडा, तेलविरहित क्लिअर कोटच लागतो. सीलंट पॅनलवर कुठे आहे, कुठे गेलंय, अशी चट्टेपट्टे अवस्था असेल, किंवा ओरखड्यांसाठी पॉलिश करायचंच ठरलं असेल, तर स्वच्छ सुरुवात योग्य. क्रम असा: तीव्र क्षारधर्मी शॅम्पू, मग क्षारांवरचं आम्ल, मग क्ले, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसणं. चौकटीतली चाचणी पुन्हा करावी. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर पत्रा मोकळा झाला. याला अपवाद आधीच लावलेल्या सिरॅमिकचा. ते एक-दोन मायक्रॉनचं, क्लिअर कोटला घट्ट धरून बसणारं असतं. शॅम्पूनं ते जात नाही, तिथे मशीननं पॉलिश करावंच लागतं, तेही रंगाची जाडी मोजणारं यंत्र असलेल्या माणसाकडून.

जुन्या, सपाट रंगाच्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांचा हिशेब निराळा. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर क्लिअर कोटच नसतो. पॉलिश करताना फडक्यावर रंग उतरला की कारागीर म्हणतो, बघा जुनं कोटिंग निघालं. तो गाडीचा स्वतःचा रंग असतो. अशा गाडीला हातानं, बारीक पॉलिशचा हलका हात पुरे.

परभणीच्या हवेत जुनं सीलंट काढून नवं लावण्याचं काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सकाळच्या वेळी सोयीचं. काढलं त्याच दिवशी नवं लावावं. उघडा क्लिअर कोट उन्हात ठेवू नये. नव्या सीलंटला साधारण बारा तास पाणी लागू द्यायचं नसतं. थंडीत इथे पहाटे चांगलं दव पडतं, तेव्हा ती एक रात्र गाडी झाडाखाली उभी न करता छपराखाली ठेवावी आणि सीलंट लावण्याआधीचं शेवटचं धुणं बोअरऐवजी आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या बादलीभर पाण्यानं करावं.