पुन्हा वाढणारे यकृत

मनुष्याच्या पोटात उजव्या अंगाला, बरगड्यांच्या आड, सुमारे दीड किलोग्रॅम वजनाचे एक तांबूस-तपकिरी इंद्रिय असते. त्यास यकृत म्हणतात. काळीज या मराठी शब्दाचा मूळ अर्थही हाच. पित्त तयार करणे, साखर साठविणे, रक्तातील विषारी द्रव्ये निरुपद्रवी करणे अशी अनेक कामे ते अहोरात्र करीत असते. परंतु त्याचा सर्वांत विलक्षण गुण निराळाच आहे. तुटलेला हात पुन्हा फुटत नाही. यकृताचा मोठा भाग कापून काढला, तरी उरलेला भाग वाढून जवळजवळ पूर्वीएवढा होतो.

१९३१ साली हिगिन्स व अँडरसन या संशोधकांनी पांढऱ्या उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढून टाकला. काही आठवड्यांतच यकृताची तूट भरून निघाली. काढलेले खंड पुन्हा उगवले नव्हते. उरलेल्या खंडांतील पेशी विभागून संख्येने वाढल्या होत्या. ही वाढ योग्य वेळी थांबते, हे तर अधिकच नवल! पुढे १९६७ साली दोन उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडून एकाच्याच यकृताचा भाग काढण्यात आला, तेव्हा दुसऱ्याच्या अखंड यकृतातील पेशीही विभागू लागल्या. वाढीचा संदेश रक्तातून जातो, हे त्यावरून दिसून आले.

मग यकृताच्या रोगाने माणसे का दगावतात? वर्षानुवर्षे इजा होत राहिली, म्हणजे यकृतात ठिकठिकाणी कठीण वण धरतात आणि ही शक्ती खुंटते. अशा वेळी दुसऱ्याचे यकृत बसविणे हाच उपाय उरतो. अमेरिकेतील डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली तसा पहिला प्रयत्न केला; रोगी वाचला नाही. १९६७ साली मात्र त्यांचा एक बालरुग्ण शस्त्रक्रियेनंतर वर्षाहून अधिक काळ जगला. शरीर परके इंद्रिय सहजी स्वीकारीत नाही. त्यावरील औषधे सुधारली, तसे यशही वाढले. आज अनुभवी रुग्णालयांत दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण वर्षानंतर हयात असतात.

तरीही एक अडचण होती. यकृत मृत व्यक्तीचेच मिळे, आणि तान्ह्या मुलास बसेल एवढे लहान यकृत क्वचितच हाती येई. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी मातेच्या यकृताचा भाग काढून तिच्या बाळास बसविला आणि ते बाळ वाचले. ‘काळजाचा तुकडा’ हे शब्द तेथे अक्षरशः खरे झाले! असा तुकडा मुलाबरोबर वाढत जातो आणि दात्याचे यकृतही काही महिन्यांत बहुतांशी भरून येते.

परंतु दाता हा निरोगी माणूस असतो आणि त्याच्यावरील शस्त्रक्रिया मोठी असते. क्वचित दात्याने प्राणही गमावले आहेत. म्हणून त्याच्या यकृताचे मोजमाप आधीच घेतात. पुरेसा भाग मागे उरणार नसेल, तर आईने कितीही आग्रह धरला तरी डॉक्टर तिला नकार देतात.