राघू, होला आणि क्रौंच : गतवर्षीच्या वहीतील तीन नोंदी

पक्षिनिरीक्षणाच्या बाबतीत जर्मनीशी आपले नाते बरेच जुने आहे. डॉ. सालिम अली १९२९ साली बर्लिनला आले, ते तेथील विद्यापीठाच्या प्राणिविज्ञान संग्रहालयात एर्विन श्ट्रेसेमान यांच्या मार्गदर्शनाखाली शिकण्यासाठी. पुढच्या वर्षी मुंबईला परतल्यावर त्यांच्या हाती नोकरी नव्हती. तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम करून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, तो पुढे गाजला.

मी संगणकाच्या धंद्यातला. आठवडाभर पडद्यासमोर बसायचे आणि रविवारी दुर्बीण व वही घेऊन ऱ्हाइनकाठी जायचे, हा माझा क्रम. २०२५ सालच्या वहीत ८३ जातींच्या नोंदी आहेत. त्यांपैकी तीन आपल्या मंडळींना विशेष जवळच्या वाटतील.

पहिली नोंद जानेवारीतली : आपला राघू! कोलोनमध्ये संध्याकाळी चिनाराच्या जातीच्या उंच झाडांवर पोपटांचे थवे कलकलाट करत उतरतात. ड्युसेलडॉर्फच्या क्योनिग्जआले या श्रीमंत रस्त्यावरही त्यांची वस्ती आहे. हे पिंजऱ्यातून सुटलेल्यांचे वंशज. कोलोनमध्ये त्यांची पहिली वीण १९६९ साली नोंदली गेली. बर्फात हे जगतात कसे, असे गावाकडून आलेले पाहुणे हमखास विचारतात. मुळात हा पक्षी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत राहणारा. थोडीफार थंडी त्याला नवी नाही. शिवाय ऱ्हाइनचे खोरे जर्मनीतल्या उबदार भागांपैकी एक, त्यात शहर आणखी उबदार, जुन्या झाडांत ढोल्या आणि बागांतून टांगलेले दाणे. एवढे मिळाल्यावर पोपटाला आणखी काय हवे?

दुसरी नोंद आमच्या गच्चीवरची : होला. मानेवर काळी अर्धी कंठी असलेला हा राखी पक्षी महाराष्ट्राच्या माळावर बाभळीत घुमतो, तोच इथे टीव्हीच्या अँटेनावर घुमतो. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात तो फक्त बाल्कनच्या बाजूला होता. मग तो वायव्येकडे सरकू लागला. १९४० च्या दशकात जर्मनीत पोचला आणि १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये घरटी करू लागला. जर्मन लोक त्याला ‘तुर्की कबूतर’ म्हणतात.

आता गंमत पाहा. १४९२ नंतर माणसाने आणलेल्या प्राण्यांना इथे ‘निओझोएन’, म्हणजे नवागत प्राणी, म्हणतात. पोपट त्यात मोडतो, कारण तो पिंजऱ्यातून आला. होला मोडत नाही, कारण तो स्वतःच्या पंखांवर आला. पोपटाच्या किती पिढ्या इथे जन्मल्या, याचा या व्याख्येत हिशेब नाही. हे ऐकून माझी मुलगी म्हणाली, “बाबा, मग आपण कोण? आपण तर विमानाने आलो!” ती इथेच जन्मली आहे, एवढेच मी तिच्या लक्षात आणून दिले.

तिसरी नोंद क्रौंचांची. लुफ्तहान्साच्या विमानाच्या शेपटीवर असतो, तोच हा पक्षी. ओटो फिर्ले यांनी ते चिन्ह १९१८ मध्ये आधीच्या एका विमान कंपनीसाठी काढले होते. १९७० च्या दशकात जर्मनीत क्रौंचांच्या काही शे जोड्याच होत्या. पाणथळ जागा राखल्या गेल्या, शिकार थांबली, आणि आज दहा हजारांहून अधिक जोड्या आहेत. शरद ऋतूत बर्लिनच्या वायव्येला लिनुम येथे ते हजारोंनी जमतात. रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण कोल्हा आला तर पाणी वाजते. पण हीच सवय ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्यावर उलटली. बर्ड फ्लूचा विषाणू विष्ठेतून पाण्यात उतरतो, आणि पाणी सगळ्यांचे एकच. लिनुमच्या परिसरात हजारावर क्रौंच मेले. संरक्षक पोशाख घातलेल्या स्वयंसेवकांनी ते उचलले. क्रौंच काही वर्षांचा झाल्याशिवाय वीण करत नाही आणि जोडीमागे वर्षाला फार तर दोन पिल्ले वाढतात. त्यामुळे अशी तूट भरून यायला वेळ लागतो.

स्पेनकडे जाणारे क्रौंच दरवर्षी आमच्या डोक्यावरून जातात. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी त्यांचा तुतारीसारखा आवाज ऐकून आम्ही तिघे गॅलरीत धावलो. एका रांगेत मी १४० मोजले. त्या भरदार आवाजांत मधूनच बारीक शिट्टी ऐकू येत होती. ती त्या वर्षीच्या पिल्लांची. पिल्ले आई-बापांबरोबर उडतच वाट शिकतात. ती शिट्टी ऐकून बरे वाटले.

ज्यांना या छंदाची सुरुवात करायची आहे, त्यांनी जानेवारी सोडू नये. लीना हेन्ले यांनी १८९९ साली श्टुटगार्टला स्थापलेल्या पक्षिरक्षण संघाचे आजचे रूप म्हणजे ‘नाबू’ ही संस्था. ती दर जानेवारीत हिवाळी पक्ष्यांची गणती घेते. खिडकीशी एक तास बसायचे आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले, तेवढेच लिहायचे. म्हणजे तीच चिमणी दोनदा मोजली जात नाही. दुर्बीण नसली तरी चालते. चहाचा कप आणि मुले जवळ असू द्यावीत. मुलांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.