उंचीचा हिशेब मांडणारा इंजिनिअर : फजलुर रहमान खान

अमेरिकेतील शिकागो शहर उंच इमारतींसाठी जगभर ओळखले जाते. तेथील १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर आणि ११० मजली सिअर्स टॉवर या दोन इमारतींनी त्या शहराला आजचा चेहरा दिला. त्यांचा आराखडा आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांचा, आणि त्या वाऱ्यात कशा उभ्या राहतील हे ठरवणारे इंजिनिअर म्हणजे ढाक्याचे फजलुर रहमान खान. व्यापारी व कारागीर वर्गाने या माणसाची कारकीर्द जरूर समजून घ्यावी. कारण इमारत उंच करणे हे त्यांचे खरे कसब नव्हते. ती परवडेल अशी करणे हे होते.

खानसाहेबांचा जन्म ३ एप्रिल १९२९ चा. वडील गणिताचे शिक्षक. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण चालू असताना १९५० च्या दंगली झाल्या आणि त्यांना ढाक्याला परतावे लागले. पदवी त्यांनी तेथील अहसानउल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून घेतली. १९५२ साली शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या व डॉक्टरेट मिळवली. १९५५ मध्ये शिकागोतील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्ममध्ये ते रुजू झाले. मधे काही काळ मायदेशी परतून कराचीच्या विकास प्राधिकरणात त्यांनी मोठ्या हुद्द्यावर काम केले. पण तेथे कारभारच फार, डिझाइनला वेळ मिळेना. तेव्हा हुद्द्याचा मोह न धरता १९६० मध्ये ते पुन्हा जुन्या फर्ममध्ये आले. १९६६ मध्ये ते तिचे भागीदार झाले.

आता त्यांनी केले काय, ते पाहू. इमारत उंच होत जाते तसा वजनापेक्षा वाऱ्याचा प्रश्न मोठा होतो. वाऱ्याला तोंड देण्यासाठी जादा पोलाद घालावे लागते, आणि हा खर्च मजल्यांपेक्षा अधिक वेगाने वाढतो. एका हद्दीनंतर वरचा मजला बांधणे म्हणजे निव्वळ घाटा. जुन्या पद्धतीत खांब इमारतीच्या पोटात सगळीकडे विखुरलेले असत. खान यांनी ताकद बाहेरच्या भिंतींत आणली. कडेला जवळजवळ खांब, त्यांना जोडणाऱ्या मजबूत तुळया, म्हणजे पूर्ण इमारत एका पोकळ नळीसारखी. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो, कारण त्याची ताकद कडेला असते. तसाच हा प्रकार. शिकागोतील ४३ मजली डेविट-चेस्टनट ही राहत्या घरांची इमारत १९६० च्या दशकाच्या मध्यात या पद्धतीने उभी राहिली. पुढे ह्यूस्टन शहरातील वन शेल प्लाझा ही ५० मजल्यांच्या घरातील इमारत १९७१ मध्ये झाली. जुन्या पद्धतीच्या ३५ मजली इमारतीला जो दर पडला असता, त्याच दरात ती झाली.

जॉन हॅनकॉक सेंटरचे आकडे तर व्यापाऱ्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. हॅनकॉकला सुमारे १४५ किलो पुरले. बाहेरच्या अंगाला दिसणाऱ्या मोठ्या तिरप्या फुल्या ही त्या बचतीची किल्ली. त्या शोभेसाठी नाहीत, वाऱ्याचा जोर चारी बाजूंना वाटून देतात.

पण याच इमारतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६७ साली काम २० मजल्यांपर्यंत आले असताना जमीन अपेक्षेपेक्षा जास्त खचल्याचे दिसले. पूर्ण इमारतीच्या वजनाने जेवढी खचावी तेवढी ती वीस मजल्यांतच खचली होती. दोष पायाच्या काँक्रिटमध्ये निघाला. काम थांबले, कर्ज अडकले, मूळ मालकाचे दिवाळे निघाले आणि कर्ज देणाऱ्या जॉन हॅनकॉक विमा कंपनीने प्रकल्प ताब्यात घेतला. पाया दुरुस्त झाला आणि इमारत पुरी झाली. वर वाचवलेले पोलाद खरी बचत होती. पायातील दोषाने मात्र मालकाचे भांडवल खाल्ले.

सिअर्स टॉवर १९७४ मध्ये पुरा झाला. ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून तो उभा केला आहे. दोन नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि दोनच शेवटपर्यंत जातात. त्यामागे गिऱ्हाइकाची गरज होती. कंपनीला स्वतःच्या कचेरीसाठी खाली मोठे मजले हवे होते आणि वर भाड्याने देण्याजोगे लहान मजले. १९९८ मध्ये क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर झाले, तोपर्यंत हीच जगातील सर्वांत उंच इमारत होती. २००९ पासून तिचे नाव विलिस टॉवर आहे.

कापडाच्या धंद्यातील माणसांना त्यांचे शेवटचे मोठे काम विशेष वाटेल. जेद्दा विमानतळावरील हज टर्मिनलचे छत पोलादाचे किंवा सिमेंटचे नसून कापडाचे आहे. काचेच्या धाग्यांच्या विणीवर टेफ्लॉनचा थर दिलेले हे कापड २१० तंबूंच्या रूपात ताणले आहे. प्रत्येक तंबू ४५ मीटर बाजूचा. ऊन बरेचसे परत फिरते, गरम हवा वरच्या तोंडातून निघून जाते, आणि लाखो हाजींना सावली मिळते. १९८३ मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला, पण तो पाहायला खानसाहेब नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जेद्द्यातच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. दफन शिकागोत झाले, आणि सिअर्स टॉवरच्या पायथ्याच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

आपल्याकडे बचत म्हणजे हलका माल, कमी मजुरी, पातळ पोत असा समज आहे. गिऱ्हाईक एकदा फसते, पुन्हा येत नाही. खान यांनी माल हलका केला नाही. कोणता खांब काम करतो आणि कोणता नुसता उभा आहे, हे त्यांनी शोधले, आणि जो नुसता उभा होता तो काढला. ज्याच्यावर भार आहे तिथे हात आखडू नये आणि जिथे भार नाही तिथे पैसा घालू नये. हा हिशेब कारखान्यात, दुकानात आणि मागावर सारखाच लागू पडतो.