रंगावर ठरणारा गूळ

कोल्हापूरजवळच्या गुऱ्हाळावर गेलात, तर आधी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याशेजारी उभे राहा. घाणा, चिमणी, चिपाडांचे ढीग सगळं नंतर बघता येतं. गूळ घडतो तो काहिलीच्या काठावर. मी गेलो तेव्हा रस नुकताच तापायला लागला होता. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली होती, ते चिकट पाणी रसात सोडलं आणि थोड्याच वेळात काळपट मळी फेसासकट वर आली. गुळव्या झाऱ्यानं ती काढत होता. त्याचं निम्मं कसब या मळीत असतं. ती पुरती निघण्याआधी रसाला जोराची उकळी फुटली, की घाण आतच जिरते.

मग रस आटतो, काकवी होते, तीही दाट होत जाते. चुलवाणावरच्या गड्याला गुळव्या नुसत्या हातानं खुणावतो: जाळ कमी, जाळ वाढव. शेवटी तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करतो आणि भांड्याच्या कडेवर आपटतो. टणक आवाज आला की काहील उतरवायची. त्या वेळी पाक साधारण ११८ अंशांवर असतो, पण इथे तापमापक कुणी लावत नाही. उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, बसत नाही. शंभर किलो उसामागे हाती लागतो दहा-बारा किलो गूळ.

हा गूळ मग बाजार समितीत सौद्याला जातो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची पेठ गुळाच्याच व्यापारावर वाढली, आणि दिवाळी पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा आजही थाटात होतो. रव्यांच्या थप्पीपाशी घोळका थांबतो, खरेदीदार कोपऱ्याचा खडा काढून उजेडात धरतो, चिमटीत दाबतो, क्वचित जिभेवर ठेवतो, आणि बोली सुरू होते. हिशेब मुख्यतः रंगाचा. इथला मोठा गिऱ्हाईक गुजरात, आणि तिथे पिवळाधमक गूळ खपतो.

रंग बघण्यात काही चूक नव्हती. रान खारवट असलं, नत्राचं खत जास्त झालं, तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला, मळी नीट निघाली नाही, तर गूळ काळवंडतो. म्हणजे पिवळा रंग चांगल्या उसाची आणि चांगल्या हाताची खूण होती. पुढे खुणेलाच भाव मिळायला लागला आणि काहिलीत हायड्रॉस पावडर शिरली. ती रंग झटक्यात उजळते. तो उजळपणा फार दिवस टिकत नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळपटतो. पण तोवर सौदा होऊन गेलेला असतो. सगळेच गुळवे ती टाकत नाहीत, हेही सांगायला हवं.

"बाजाराला पिवळाच लागतोय, आमी काय करणार?" गुळव्यानं मला विचारलं. त्याला दोष देणं मला जमत नाही. गुळव्याची मजुरी आणि उसाचा खर्च ज्याच्या अंगावर आहे, तो शेतकरी तांबूस गूळ घेऊन सौद्यात उभा राहिला तर त्याच्याच थप्पीचा भाव पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर दुसरीकडचा गूळ खपतो याची इथे जुनी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण मला जास्त खटकतं ते हे, की नाव कोल्हापूरचं आणि रंग गिऱ्हाइकानं ठरवलेला.

गुळपोळीला, तिळगुळाला, बाळंतिणीच्या लाडवाला आपण गूळ आणतो तेव्हा दुकानात आपलाही हात आधी पिवळ्या ढेपेकडेच जातो. त्या गुऱ्हाळावरून निघताना मी घरासाठी गूळ मागितला. मालकानं बाजारासाठी रचलेल्या थप्पीला हात लावला नाही. आतल्या खोलीतून, घरच्यांसाठी पावडरीशिवाय केलेल्या काहिलीतला तांबूस रवा काढला, आणि तोच वजनाला लावला.